जुनी गाडी खाली घेताना टायर मडगार्डला घासू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठच्या दशकातली, मागच्या चाकांना ताकद जाणारी सेडान. पुढे दोन कंट्रोल आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). रिम 15 इंची, 7 इंच रुंद, ऑफसेट शून्य (म्हणजे हबला टेकणारं तोंड रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर), टायर 215/60. गाडी साधारण 40 मिमी खाली घ्यायची आहे. पण आत्ताच, मूळ उंचीवर, चार माणसं बसली की गतिरोधकावर मागचा टायर मडगार्डच्या कडेला लागतो. मग खाली घेतल्यावर काय होईल, आणि कड आत वळवून घेतली की भागेल का?

कड वळवणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे आणि तुमच्या आकड्यांवरून ते कदाचित करावंही लागणार नाही. आधी मूळ मुद्दा. टायर घासेल की नाही, हे गाडी उभी असतानाच्या उंचीवर ठरत नाही. चाक पूर्ण वर जाऊन बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, दाबलं जातं, तेव्हा टायरभोवती किती जागा उरते त्यावर ते ठरतं. मूळ बंप स्टॉप जागेवर असतील तर स्प्रिंग आखूड केली तरी चाकाची वर जाण्याची हद्द तीच राहते. पूर्वी चाक त्या हद्दीपर्यंत क्वचित पोचायचं, आता वरचेवर पोचेल, एवढाच फरक. म्हणजे ज्या गाडीचा टायर बंप स्टॉपवरही मोकळा आहे ती खाली घेतल्यावर घासत नाही, आणि जिचा टायर तिथे अडतो ती मूळ उंचीवरही कधी ना कधी घासणारच. तुमची गाडी नेमकी तेच सांगते आहे.

ही हद्द बदलते ती तीन गोष्टींनी. एक, रुंद किंवा चुकीच्या ऑफसेटचे रिम-टायर. दोन, खाली घेतल्यावर गाडी सारखी आपटते म्हणून बंप स्टॉप कापणे. कापलेल्या प्रत्येक मिलिमीटरबरोबर टायर मडगार्डमध्ये आणखी वर शिरतो. तीन, पुढे ड्रॉप स्पिंडल बसवणे. स्पिंडल म्हणजे आर्मच्या टोकाला असलेला, चाकाचा आस धरणारा भाग. ड्रॉप स्पिंडलमध्ये आर्म जिथल्या तिथे राहतात आणि चाकाचा आस 50 मिमी वर सरकतो. आर्मची भूमिती बिघडत नाही म्हणून ते लोकप्रिय आहेत आणि ते योग्यही आहे. पण आर्म जुन्याच जागी बंप स्टॉपला टेकतो, त्यामुळे त्या क्षणी चाक मूळपेक्षा पूर्ण 50 मिमी वर असतं. स्प्रिंगने खाली घेतलेली गाडी आणि स्पिंडलने खाली घेतलेली गाडी उभी असताना सारखीच दिसते, पण टायरच्या जागेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आता मोजणी. कुठलाही भाग विकत घेण्याआधी ही करा. गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवा. घोड्या चासीखाली किंवा बॉडीच्या मजबूत भागाखाली. पुढची कॉइल स्प्रिंग काढताना स्प्रिंग कंप्रेसर लावा, शिवाय स्प्रिंगमधून साखळी ओवून आर्मला बांधा. दाबलेल्या कॉइलमध्ये जीव घेण्याइतकी ताकद साठलेली असते. मागे पाटे काढायची गरज नाही. ॲक्सलखाली जॅक लावून तो बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचलता येतो. बॉडीच उचलली जायला लागली तर डिकीत वजन ठेवा. रबरी बंप स्टॉप जोराच्या आदळीत जवळपास निम्मा दबतो. म्हणून नुसता टेकला म्हणून थांबू नका. स्टॉप काढून त्याच्या निम्म्या उंचीचा लाकडी ठोकळा तात्पुरता ठेवा आणि तिथपर्यंत चाक वर न्या. ही झाली खरी हद्द.

या स्थितीत चाक काढून हबच्या किंवा ड्रमच्या बसण्याच्या तोंडापासून दोन मापं घ्या. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या कडेच्या सगळ्यात आतल्या बिंदूपर्यंत आडवं अंतर. त्यासाठी कडेवरून ओळंबा सोडा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. आतल्या बाजूला जे सगळ्यात जवळ असेल तिथपर्यंत: पाटा, आतलं व्हीलहाउस (चाकाभोवतीचा आतला पत्रा), शॉकअप, एक्झॉस्टचा पाइप, हँडब्रेकची केबल. डाव्या-उजव्या बाजूंची मापं वेगवेगळी लिहा. जुन्या गाड्यांत दोन बाजूंमध्ये 5 ते 10 मिमी फरक सर्रास निघतो: कधी क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाहेरचा पत्रा) बदललेलं असतं, कधी ॲक्सल पाट्यांवर मध्यभागी बसलेला नसतो, कधी कारखान्यातूनच तशी आलेली असते. एकच बाजू घासत असेल तर आधी ॲक्सलचं केंद्र तपासा. जीर्ण पाटा-बुश आणि सेंटर बोल्टची झिजलेली भोकं ही नेहमीची कारणं.

आकडे मिळाले की हिशोब सोपा आहे. 215/60 आर 15 टायरची बाजूपासून बाजूपर्यंतची रुंदी 6.5 इंची रिमवर साधारण 221 मिमी असते. रिम अर्धा इंच रुंद केलं की ती सुमारे 5 मिमी वाढते, म्हणून तुमच्या 7 इंची रिमवर 226 धरा. कंपनीगणिक यात 5 मिमी तरी इकडे-तिकडे होतं. त्यामुळे टायर आधीच हातात असेल तर रिमवर चढवून, हवा भरून मोजलेलं माप हेच खरं.

समजा, ड्रमच्या तोंडापासून कडेपर्यंत 120 मिमी आणि आत पाट्यापर्यंत 138 मिमी मिळाले. एकूण 258. मागच्या चाकाला बाहेरून किमान 12 आणि आतून 16 मिमी मोकळीक ठेवावी, कारण रबरी बुशांमुळे ॲक्सल आडवा सरकतो आणि वळणावर टायरही वाकतो. उरले 230. म्हणजे 226 चा टायर बसतो, पण जेमतेम. आता तो कुठे बसवायचा? अर्धा टायर 113 मिमी. बाहेर 113 अधिक 12 म्हणजे 125 लागतात आणि आहेत 120, म्हणून टायरचा मध्य ड्रमच्या तोंडापासून निदान 5 मिमी आत हवा. आत 113 अधिक 16 म्हणजे 129 लागतात आणि आहेत 138, म्हणून मध्य जास्तीत जास्त 9 मिमी आत चालेल. उत्तर आलं: ऑफसेट अधिक 5 ते अधिक 9. शून्य ऑफसेटच्या रिमवर मात्र बाहेर जेमतेम 7 मिमी उरतात आणि आत 25 मिमी जागा रिकामी पडून राहते. गाडी भरलेली असताना घासण्याचं कारण बहुधा हेच. अशा गाडीत कड वळवणं म्हणजे रिमची चूक पत्र्यावर काढणं.

दुकानात ऑफसेटऐवजी बॅकस्पेसिंग सांगितलं जात असेल तर एक गोष्ट विसरू नका. 7 इंच हे रिमचं नाव झालं, टायरची कडा बसते तिथलं माप. रिमच्या दोन्ही ओठांसकट एकूण रुंदी साधारण 8 इंच, म्हणजे 203 मिमी भरते. तिच्या निम्म्यात ऑफसेट मिळवला की बॅकस्पेसिंग येतं. शून्य ऑफसेटचं 7 इंची रिम म्हणजे 4 इंच बॅकस्पेसिंग. सव्वाचार इंच म्हणजे ऑफसेट साधारण अधिक 6. वरच्या उदाहरणात हेच हवं. स्पेसर चाकाला फक्त बाहेर ढकलतो, त्यामुळे इथे त्याचा काही उपयोग नाही. जिथे पाटा जवळ आहे आणि कड लांब आहे तिथे पातळ स्पेसर चालतो, पण मूळ स्टडवर 5 मिमीपेक्षा जाड नको. नट स्टडच्या व्यासाइतके तरी आटे पकडतो आहे ना, हे पाहून घ्या.

घासण्याची खूण कुठे आहे ते नीट वाचा, कारण ती बरंच सांगते. वळणावर बॉडी ॲक्सलवरून वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकते. म्हणून जास्त भार पडलेल्या चाकाची आतली मोकळीक कमी होते, आणि कडेजवळची मोकळीक कमी होते ती विरुद्ध बाजूच्या, हलक्या झालेल्या चाकाची. वळणावरच आवाज येत असेल आणि टायरच्या आतल्या बाजूला चकाकी दिसत असेल तर ऑफसेट उलट दिशेला चुकलाय. दोन्ही चाकं एकदम वर गेल्यावर, टायरच्या बाहेरच्या खांद्यावर ओरखडा उठत असेल तर कड किंवा ऑफसेट. टायरच्या नक्षीच्या मधोमध खूण असेल तर व्हीलहाउसचं छत लागतंय, आणि तिथे टायरचा व्यास किंवा बंप स्टॉपची उंची बदलण्यावाचून इलाज नाही. व्यासाचा अंदाज हवा असेल तर: 205/60 आर 15 चा व्यास 627 मिमी, 215/60 चा 639, 225/60 चा 651. एक पायरी खाली आलं की टायरच्या डोक्यावर 6 मिमी मिळतात, पण गाडीही तितकीच खाली येते, हे धरून चला.

पुढची बाजू

पुढचं चाक वळतं, त्यामुळे मोजणी तीन उंचींवर करायची: उभ्या उंचीवर, अर्धं वर गेल्यावर आणि पूर्ण वर. प्रत्येक उंचीवर स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. बहुतेक वेळा पहिल्यांदा अडतं ते कडेचं मागचं खालचं टोक किंवा पुढच्या बंपरजवळचा कोपरा. आतून स्वे बार आणि स्ट्रट रॉड. मडगार्डच्या आत चिकटपट्टीने मऊ मातीचे गोळे लावून चाक फिरवलं तर उरलेली जाडी थेट मोजता येते. पूर्ण टोकाला आतून थोडंसंच लागत असेल तर स्टीअरिंगच्या मर्यादेचे बोल्ट थोडे बाहेर घेणं चालतं. वळण्याची त्रिज्या किंचित वाढते, एवढंच.

इथे व्हील अलाइनमेंटचा संबंध येतो. रेडियल टायरसाठी कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे असलेला कल) 4-5 अंशांवर नेला तर चाक काही मिलिमीटर पुढे सरकतं, आणि मागे मोकळं असलेलं मडगार्ड पुढच्या कोपऱ्यात लागायला लागतं. म्हणून कॅस्टर ठरवूनच जागा तपासा, नंतर नाही. कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल, मात्र मदत करतो. चाक 1 अंश आत झुकलं की 320 मिमी त्रिज्येच्या टायरचा माथा आसाच्या मानाने साधारण 5.5 मिमी आत जातो. उणे अर्धा ते उणे 1 अंश रस्त्याच्या वापराला ठीक. निव्वळ घासणं टाळायला त्यापलीकडे गेलात तर टायरची आतली बाजू झिजते.

कॉइल कापावी का? नवी, योग्य दराची (दर म्हणजे स्प्रिंग 1 मिमी दाबायला लागणारं बळ) आखूड स्प्रिंग केव्हाही चांगली, पण नीट कापलेली स्प्रिंग धोकादायक असते असंही नाही. बिघडतं ते किती कापायचं याच्या अंदाजात. गाडी जमिनीवर उभी असताना कॉइलच्या दोन वेढ्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मोजा. स्प्रिंगवरचा भार कापल्यावरही तोच राहतो, त्यामुळे उरलेला प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच दबतो. म्हणून एक वेढा काढला की स्प्रिंग बरोबर त्या मोजलेल्या अंतराइतकी आखूड होते. मोकळ्या स्प्रिंगवरचं अंतर धरलं तर हिशोब चुकतो. पुढे चाक आणि स्प्रिंग यांच्यातलं गुणोत्तर येतं. खालच्या आर्मच्या आतल्या बिजागरीपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले बिजागरीपासून बॉल जॉइंटपर्यंतचं अंतर. अशा गाड्यांत ते बरेचदा 0.5 ते 0.6 निघतं. समजा 0.55 आहे आणि वेढ्यांमधलं अंतर 38 मिमी. चाकावर 40 मिमी खाली यायचं तर स्प्रिंग 22 मिमी आखूड हवी, म्हणजे 22 भागिले 38, साधारण 0.58 वेढा. अर्ध्यापेक्षा जरा जास्त, बस. 'दोन वेढे काढून टाक' असा सल्ला जिथे मिळतो तिथून गाडी बाहेर काढा.

पहिल्या खेपेला हिशोबापेक्षा पाव वेढा कमी कापा. कापलेलं परत जोडता येत नाही. कापायला ग्राइंडरची पातळ चकती वापरा आणि अधूनमधून पाणी मारत राहा. गॅसच्या ज्योतीने कापलेल्या किंवा तापवून बसवलेल्या स्प्रिंगचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि ती पुढे एकतर बसत जाते, नाहीतर तुटते. ज्या टोकाला वेढा चपटा करून घासलेला आहे किंवा आत वळवलेला आहे ते टोक कापायचं नाही, कारण ते तसंच बैठकीत बसायला घडवलेलं असतं. उघडं, तिरकं टोक कापायचं. खालच्या आर्मच्या खोबणीत टोक पूर्वी जिथे टेकत होतं तिथेच पुन्हा टेकलं पाहिजे. स्प्रिंग फिरवून बसवा आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे ना ते पाहा. टोक खोबणीच्या बाहेर राहिलं तर एक बाजू सहज 10 मिमी उंच दिसते आणि लोक मग दुसरी बाजू कापत बसतात. शेवटी चाक हवेत पूर्ण लोंबकळत ठेवून स्प्रिंग हाताने हलवून पाहा. सैल फिरत असेल तर ती एखाद्या खड्ड्यात जागेवरून निसटू शकते. मग आखूड शॉकअप किंवा खाली जाण्याची मर्यादा घालणं भाग आहे.

कापल्याने स्प्रिंग थोडी कडकही होते. साडेसात कार्यरत वेढ्यांपैकी 0.58 गेला तर दर सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो. पण हे पुरेसं नसतं. मूळ गाडीत बंप स्टॉपपर्यंत 75 मिमी प्रवास असेल आणि त्यातले 40 तुम्ही खाऊन टाकले, तर उरले 35. तेवढ्यात 8 टक्के जास्त कडक स्प्रिंग आदळ थांबवू शकत नाही. पुढे निदान 50 आणि मागे 60 मिमी वरचा प्रवास शिल्लक हवा, असं मी धरतो. म्हणजे या गाडीत नुसत्या स्प्रिंगने 25 मिमीच खाली घ्यावी. त्याहून खाली हवी असेल तर ड्रॉप स्पिंडल, आणि मग वर सांगितलेलं 50 मिमीचं प्रकरण पुन्हा तपासायचं. बदललेल्या स्प्रिंगचा दर ठरवताना चाकावरचा दर पाहा: स्प्रिंगचा दर गुणिले गुणोत्तराचा वर्ग. 60 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग 0.55 गुणोत्तरावर चाकाला फक्त 18 देते. त्या कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वर 300 किलो असतील तर कंपन दर सेकंदाला साधारण 1.2 वेळा, मूळ आरामदायी गाडीसारखं. खाली घेतलेल्या गाडीला 1.4 ते 1.5 च्या आसपास हवं, म्हणजे स्प्रिंग 80 ते 90 च्या दरम्यान. त्याच्या जोडीला शॉकअपही त्या दराचा लागतो, नाहीतर गाडी उसळत राहते आणि प्रत्येक उसळीत टायर वर जातो.

टायर अजून वर कुठेतरी लागतच असेल तर बंप स्टॉपखाली चकती घालून हद्द खाली आणता येते, आणि हा अतिशय सभ्य उपाय आहे. समजा पूर्ण दाबलेल्या स्थितीच्या 15 मिमी आधीच टायर लागतो. त्यात 10 मिमी सुरक्षिततेचे मिळवा: चाक 25 मिमी आधी थांबायला हवं. पुढचा स्टॉप आर्मवर मध्येच टेकतो, त्यामुळे 0.55 गुणोत्तराने चकती साधारण 14 मिमीची लागेल. मागचा स्टॉप थेट ॲक्सलवर टेकतो, तिथे दोन्ही चाकं एकदम वर जाताना मिलिमीटरला मिलिमीटर. कडक रबराऐवजी फोमसारखा मऊ, लांब पॉलियुरेथेन स्टॉप घातलात तर तो आधी टेकतो आणि हळूहळू कडक होत जातो. धक्का न देता शेवटच्या स्प्रिंगसारखं काम करतो.

पहिल्या पिढीच्या मस्टँगचा उल्लेख इथे करायला हवा. 1964 ते 1966 च्या गाड्यांत वरच्या आर्मची भोकं 1 इंच खाली पाडण्याची जुनी युक्ती आहे. त्याने पुढची बाजू थोडीशीच, साधारण 15 मिमी, खाली येते, पण खरा फायदा वेगळा: चाक वर जाताना माथ्याकडून आत झुकायला लागतं, जे मूळ भूमितीत नीट होत नव्हतं. कडेपासून टायर लांब राहतो आणि वळणावर पकडही सुधारते. मात्र भोकं 1 इंचाहून खाली नेली तर बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला अडकायला लागतो.

मागची बाजू

पाट्यांच्या गाडीत आधी खाली वाकून पाहा: पाटा ॲक्सलच्या खाली आहे की वर? खाली असेल तर दोघांमध्ये ठोकळा घातल्यावर गाडी खाली येते. पाटा वर असेल तर तोच ठोकळा गाडी उचलतो. तुमच्यासारख्या सेडानमध्ये बहुधा पाटा खालीच असतो, पण खात्री करून घ्या.

ठोकळा ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी, एकसंध. लाकडाचा नको आणि दोन ठोकळे एकावर एक तर कधीच नको. खालच्या बाजूच्या भोकात पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं घट्ट बसलं पाहिजे आणि वरची खुंटी ॲक्सलच्या बैठकीच्या भोकात. इथे 2 मिमीची खेळ राहिली तर ॲक्सल तिरका बसतो आणि एका बाजूचा टायर पुढच्या कडेकडे सरकतो. यू-बोल्ट मूळपेक्षा ठोकळ्याच्या उंचीइतके जास्त लांब, नवेच. जुने ताणलेले असतात. नट आलटून-पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि पहिल्या 100 किमीनंतर पुन्हा तपासा. ते जवळपास नेहमीच थोडे सैल होतात.

ठोकळ्याची एक सोयीची बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शॉकअपचं खालचं टोक पाट्याखालच्या प्लेटवर असेल, तर बॉडी आणि पाटा यांच्यातलं अंतर बदलतच नाही, म्हणून उभ्या गाडीत शॉकअपची लांबी तीच राहते. आखूड शॉकअप लागत नाही. पाटे उतरवून सपाट केले, किंवा डोळा उलटा असलेला मुख्य पाटा घातला, तर मात्र शॉकअप दबलेल्या स्थितीत येतो आणि पूर्ण दाबल्यावर 10-15 मिमी तरी शिल्लक राहतात ना हे मोजावं लागतं. उलट ठोकळ्याचा तोटा असा की ती प्लेट आणि यू-बोल्टची टोकं जमिनीकडे तितकीच खाली येतात. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली तरी ती जमिनीला लागता कामा नयेत. रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली काहीही लोंबू नये.

40 मिमीचा ठोकळा पुरे. त्यापुढे ॲक्सलचा मध्य पाट्यापासून इतका लांब जातो की जोरात वेग घेताना ॲक्सल पाट्याला पिळायला लागतो, मागचं चाक थाडथाड उडतं आणि डिफरन्शियलचं नाक वर उठतं. जास्त खाली हवं असेल तर सपाट केलेले पाटे आणि छोटा ठोकळा मिळून करा. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे कोन नंतर मोजा. दोन्ही आस जवळपास समांतर, युनिव्हर्सल जॉइंटवरचा कोन 1 ते 3 अंश. पूर्ण दाबलेल्या स्थितीत प्रोपेलर शाफ्ट बोगद्याला लागत नाही ना आणि गिअरबॉक्समधल्या स्लायडिंग योकला (शाफ्टच्या पुढच्या सरकत्या टोकाला) आत जायला 20 मिमी तरी उरतात ना, तेही त्याच वेळी पाहून टाका.

मागे कॉइल आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी) असलेल्या गाडीत रॉडचा एक टोकाचा बिंदू कमानीत फिरतो आणि ॲक्सल एका बाजूला ओढतो. 900 मिमी लांबीचा रॉड आडवा असेल तर 75 मिमी प्रवासात ॲक्सल 3 मिमी सरकतो. गाडी 50 मिमी खाली घेऊन रॉड तिरका झाला की त्याच 75 मिमीत तो 7 मिमीहून जास्त सरकतो. तिथे लांबी बदलता येणारा रॉड घ्या, आणि बॉडीकडची किंवा ॲक्सलकडची बैठक हलवून तो उभ्या उंचीवर पुन्हा आडवा करा. मागे टॉर्शन बार (पिळली जाणारी, स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असलेल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये काम वेगळं: बारला आतल्या टोकाला 40 आणि बाहेरच्या टोकाला 44 दाते असतात, म्हणून एक दात आत आणि एक दात उलट बाहेर अशी जुळवाजुळव करून सुमारे 50 कलांच्या (60 कला म्हणजे 1 अंश) पायऱ्यांनी उंची लावता येते. स्विंग ॲक्सल (आतल्या टोकाशी झुलणारा ॲक्सल) असेल तर खाली घेताना टायरचा माथा आपोआप आत जातो आणि कडेला लागण्याची भीती तिथे कमी.

कड वळवावीच लागली तर

रिम-टायर बरोबर असूनही 5-10 मिमी कमी पडत असतील तेव्हाच. जुन्या गाडीच्या मागच्या कमानीची कड दोन पत्र्यांची असते, बाहेरचं क्वार्टर पॅनल आणि आतलं व्हीलहाउस, स्पॉट वेल्डने जोडलेले. ती कापून टाकली की दोन्ही पत्रे सुटतात, मध्ये पाणी शिरतं आणि गंज आतून खातो. आधी चुंबक फिरवून पुट्टी आहे का पाहा. पुट्टीचा थर असेल तर कड वळताना तो फुटणारच, तेव्हा रंगकामाची तयारी ठेवूनच हात घाला. हबला बसणारा रोलर वापरा. रंग हीट गनने 60-70 अंशांपर्यंत तापवा, हाताला टिकणार नाही इतका. घड्याळाच्या 10 ते 2 च्या दरम्यानचा भागच वळवा, एका फेरीत थोडासा, चार-पाच फेऱ्यांत. एका दमात जोर लावला की कमानीवरचा पत्रा लाटेसारखा बाहेर फुगतो आणि ते नंतर सरळ होत नाही. काम झाल्यावर आतून सील लावा आणि वर झिंक प्रायमर मारा.

शेवटी जोडणी. कंट्रोल आर्म आणि पाट्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळू नका. गाडी जमिनीवर आणा, 5-6 मीटर पुढे-मागे ढकला, पुढे-मागे दाबून बसू द्या, मगच आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत गाडीला 10-15 मिमी वर धरून ठेवतं आणि काही महिन्यांत फाटतं. उंची मोजताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा; जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा माप बिघडवते. उंची बदलली की टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो, म्हणून अलाइनमेंट अनिवार्य. टाय रॉड खालच्या आर्मला जवळपास समांतर राहिला नसेल तर खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप हलेल, तेही त्याच वेळी दुरुस्त करून घ्या. ब्रेकचे होस पूर्ण लोंबकळत्या स्थितीत ताणत नाहीत ना ते बघा, आणि हेडलाइटचा रोख नव्याने लावा.

चाचणी रिकाम्या गाडीत घेऊन उपयोग नाही. मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून 150 किलो तरी वजन ठेवा, कडेच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावा आणि एकदा गतिरोधकावरून सरळ, एकदा तिरकं जा. पट्टी कुठे फाटली ते पाहा. नवी स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये 5-10 मिमी बसते, म्हणून ही चाचणी आणि उंचीचं माप 500 किमीनंतर पुन्हा घ्या. कड वळवण्याचा निर्णय त्यानंतरच करा.